मटमधून मेल फॉरवर्ड केला की जोडलेल्या फाईली मागे राहतात

उद्यमनगर_टर्मिनल

नमस्कार मंडळी. फाउंड्रीच्या ऑफिसातल्या मशीनवर डेबियन लिनक्स १०, त्यावर टर्मिनलमध्ये चालणारा मेल प्रोग्राम मट १.१०.१, आणि मेल बाहेर पाठवायला तिथंच पोस्टफिक्स आहे. गिऱ्हाइकाचा मेल आला की तो दोन जागी पुढं जातो: ड्रॉइंग शिरोलीला पॅटर्नवाल्याकडं, आणि ड्रॉइंगसोबत व्हीएमसीचा (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनचा) प्रोग्राम गोकुळ शिरगावला मशीन शॉपमध्ये. दोन्हीकडची माणसं मेल फोनवर बघतात. अडतंय ते असं:

१) इंडेक्समध्ये (मेलच्या यादीत) मेलवर ‘एफ’ दाबून पाठवला तर मजकूर जातो, पीडीएफ जात नाही. मट काही बोलतही नाही, गेला म्हणून सांगतो.

२) ‘माइम_फॉरवर्ड’ येस केलं. आता सगळं जातं, पण समोर ‘.ईएमएल’ शेपटीची एकच फाईल दिसते आणि पॅटर्नवाल्याच्या फोनवर ती उघडत नाही.

३) ‘व्ही’ दाबून फाईलींची यादी काढली, ‘टी’नं खुणा केल्या, मग ‘;’ आणि ‘एफ’. पीडीएफ नीट गेली, पण ‘.एनसी’ प्रोग्राम फाईल म्हणून न जाता मेलच्या मजकुरातच ओतला गेला.

४) काही फाईलींची नावं मूळ मराठीत असतात, पण पुढं पोचताना ‘=?यूटीएफ-८?बी?’नं सुरू होणारी लांबलचक अक्षरं होतात.

५) ९ एमबीची स्टेप (थ्रीडी मॉडेलची) फाईल पाठवताना ‘मेसेज फाईल टू बिग’ असं म्हणून कंपोझच्या (पाठवण्याआधीच्या) पडद्यावरच अडतं.

वेबमेल उघडून तिथनं पाठवायचं नाही, कारण सगळे मेल मशीनवर मेलडिर या फोल्डरमध्येच उतरतात. आज्ञा आणि सेटिंगची नावं इथं देवनागरीत लिहितोय, मशीनवर ती रोमनमध्येच आहेत.

---

रंकाळा_रूट

पहिल्या आणि तिसऱ्या अडचणीचं मूळ एकच आहे, ते आधी बघू. साध्या ‘एफ’मध्ये मट जुना मेल पुढं ढकलत नाही. तो नवा कोरा मेल तयार करतो आणि जुन्यातलं जेवढं मजकूर म्हणून वाचता येतं तेवढं त्यात उतरवून घेतो. हे ‘फॉरवर्ड_डीकोड’ करतं आणि ते मुळातच येस असतं. पीडीएफ मजकूर म्हणून वाचता येत नाही, म्हणून ती गळते. प्रोग्राम वाचता येतो, म्हणून तो मजकुरात जातो. दोन्ही घटना एकाच नियमानं होतात.

तुमच्या १.१०.१ मध्ये गळणाऱ्या फाईली ‘एफ’सोबतच नेण्याची सोय नाही. २०१९ मध्ये १.१२ आली तेव्हा ‘फॉरवर्ड_अटॅचमेंट्स’ हे सेटिंग आलं. ते असलं की ‘एफ’नंतर फाईली सोबत न्यायच्या का असा प्रश्न येतो आणि नुसतं एंटर दाबलं तरी हो धरलं जातं. डेबियन ११ मध्ये मट २.०.५ आहे, म्हणजे तिथं काही न करता हे मिळतं. डेबियन १० चा एलटीएस (लांब मुदतीचा) आधार ३० जून २०२४ ला संपलाय, तेव्हा मशीन वर न्यायला दुसरं कारण शोधायची गरजच नाही. एखाद्या मशीनवर हे सेटिंग आहे की नाही ते शेलमधून ‘मट -क्यू फॉरवर्ड_अटॅचमेंट्स’ (क्यू मोठा) असं विचारून कळतं. नसेल तर अनोळखी व्हेरिएबल म्हणून उत्तर येतं.

तोवर कॉन्फिग फाईलमध्ये एवढं ठेवा:

सेट माइम_फॉरवर्ड=आस्क-नो
सेट माइम_फॉरवर्ड_डीकोड=नो
सेट माइम_फॉरवर्ड_रेस्ट=येस

‘माइम_फॉरवर्ड’ कायमचं येस ठेवणं मला पटत नाही. येस असलं की अख्खा मेल ‘मेसेज/आरएफसी८२२’ नावाच्या एकाच पाकिटात बंद होऊन जातो. तुमची ‘.ईएमएल’ म्हणजे तेच पाकीट. डेस्कटॉपवरच्या थंडरबर्डमध्ये किंवा आउटलुकमध्ये ते उघडतं, फोनवर भरवसा नाही. पण ज्या वेळी मेल पुरावा म्हणून पाठवायचा असतो, म्हणजे हेडरसकट (कुणाकडनं, कुणाला, कधी या वरच्या ओळींसकट), सही केलेला, किंवा ‘ड्रॉइंगची ही रिव्हिजन अमुक तारखेला आली होती’ हे दाखवायला, तेव्हा हाच एक मार्ग बरोबर आहे, कारण त्यात मूळ मेलमधलं अक्षरही हलत नाही. म्हणून ‘आस्क-नो’: दर वेळी विचारतो, एंटर दाबलं तर नाही. ‘माइम_फॉरवर्ड_डीकोड’ मात्र येस करू नका. ते पाकिटातला मेलसुद्धा उलगडून परत लिहितं, आणि मग पीजीपी किंवा एस-माइमची डिजिटल सही जुळत नाही.

रोजच्या कामाला तुमचा तिसरा रस्ताच योग्य आहे: ‘व्ही’, हव्या त्या फाईलींवर ‘टी’, मग ‘;’ ‘एफ’. गिऱ्हाइकाच्या मेलमधल्या लोगोच्या पाच-सहा चिठ्ठ्या पॅटर्नवाल्याला पाठवायचं कारण नाही. ज्या फाईली मजकुरात उतरत नाहीत त्या ‘माइम_फॉरवर्ड_रेस्ट’ येस असल्यानं न विचारता जोडल्या जातात.

सवय एकच लावा. ‘वाय’ दाबण्याआधी कंपोझच्या पडद्यावरची खालची यादी वाचा. प्रत्येक ओळीत डावीकडं क्रमांक आणि नाव, उजवीकडं चौकटी कंसात प्रकार, एन्कोडिंग (वाटेत फाईल कुठल्या पद्धतीनं लिहिली जाते ते) आणि आकार असतो. ड्रॉइंगच्या ओळीत ‘ॲप्लिका/पीडीएफ, बेस६४, ८४०के’ असं काहीतरी दिसलं पाहिजे. ‘ॲप्लिका’ बघून घाबरू नका, मट प्रकाराची पहिली सातच अक्षरं दाखवतो. यादीत फक्त एकच ओळ असेल आणि ती ‘टेक्स्ट/प्लेन’ असेल तर फाईल गळलेली आहे. नको असलेली ओळ काढायला मोठा ‘डी’. छोट्या ‘डी’नं फक्त त्या फाईलचं वर्णन बदलतं.

अजून एक. गिऱ्हाईक ड्रॉइंगच्या फोटोवर लाल गोल मारून तो मेलच्या मजकुरातच चिकटवतात. असा फोटो एचटीएमएल भागाला आतून बांधलेला असतो. साध्या ‘एफ’नं ते बांधणं तुटतं: १.१०.१ मध्ये फोटो गळतो, नव्या मटमध्ये फाईल म्हणून जातो पण ‘खालच्या चित्रात बघा’ या वाक्याखाली चित्र नसतं. असा मेल पाकीट करून पाठवा, किंवा फोटोवर खूण करून जोडा आणि कुठला फोटो कशाबद्दल आहे ते हातानं एका ओळीत लिहा.

मेल फक्त एचटीएमएलमध्येच असेल तर फॉरवर्डच्या मजकुरातही काही धड उतरत नाही. ‘ऑटो_व्ह्यू टेक्स्ट/एचटीएमएल’ ही ओळ कॉन्फिगमध्ये, आणि मेलकॅप फाईलमध्ये (कुठला प्रकार कशानं उघडायचा त्याची यादी) त्या प्रकारासाठी ‘डब्ल्यू३एम -डम्प’ची ओळ, शेवटी ‘कोपियसआउटपुट’ हा शब्द. तो शब्द राहिला तर ऑटो_व्ह्यू चालत नाही.

---

शिरोली_जीकोड

रूट दादांनी सांगितलं ते बरोबर, पण ‘.एनसी’चा मुद्दा जरा सविस्तर बघायला पाहिजे, कारण यात नुसती गैरसोय नाही, जॉब जाऊ शकतो.

प्रोग्राम म्हणजे साधी टेक्स्ट फाईल. पाठवणाऱ्याच्या मेल प्रोग्रामनं तिला ‘टेक्स्ट/प्लेन’ असा शिक्का मारला की मटच्या दृष्टीनं ती मेलचा मजकूरच. तिच्यावर ‘अटॅचमेंट’ असं लिहिलेलं असलं तरी मुळात मट ते मानत नाही. मग पुढच्या माणसाला मेलमध्ये वर ‘फॉरवर्डेड मेसेज’ची ओळ, खाली हेडर, आणि त्याखाली % पासून सुरू होणारा प्रोग्राम दिसतो. तो माणूस फोनवरनं ते कॉपी करतो. इथं काय काय बिघडतं बघा:

फोनवरचं ॲप ओळी परत जुळवतं. एका ओळीत एक ब्लॉक (मशीनला द्यायची एक सूचना) असायला हवा, तिथं दोन ब्लॉक एकत्र येतात. एकाच ब्लॉकमध्ये दोनदा एक्स आला तर कंट्रोलर त्यातला एकच धरेल नाहीतर अलार्म देईल, आणि अलार्म आला तर नशीब म्हणायचं. सुरुवातीचं नाहीतर शेवटचं % कॉपी करताना सुटतं. ‘फॉरवर्ड_कोट’ येस असेल तर प्रत्येक ओळीपुढं ‘>’ लागतो. ओळीच्या शेवटी मोकळी जागा असेल आणि तुमच्याकडं ‘टेक्स्ट_फ्लोड’ चालू असेल तर घेणाऱ्याकडं ती ओळ पुढच्या ओळीला चिकटते.

उपाय मटमध्येच आहे. रूट दादांनी ‘आस्क-नो’ सांगितलंय, ते फाईलींच्या यादीलाही लागू होतं. खुणा करून ‘;’ ‘एफ’ दाबलं की ‘फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट्स?’ असा प्रश्न येतो. खुणांमध्ये एकही टेक्स्ट फाईल असेल तर इथं एंटर दाबायचं नाही, ‘वाय’ दाबायचं. मग खूण केलेली प्रत्येक फाईल आपापल्या नावानं वेगळी जोडली जाते. इथं ‘.ईएमएल’ पाकीट होत नाही, कारण तुम्ही मेल नाही, सुट्या फाईली निवडल्यात. सेटिंग एकच, पण इंडेक्समध्ये आणि यादीत त्याचा परिणाम वेगळा. बरेच जण इथंच फसतात.

तरी माझा सल्ला असा की मशीनवर चढणारा प्रोग्राम टेक्स्ट म्हणून पाठवूच नका. कंपोझच्या यादीत त्या ओळीवर जाऊन कंट्रोल-टी दाबा आणि प्रकार ‘ॲप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम’ करा, मग कंट्रोल-ई दाबून एन्कोडिंग ‘बेस६४’ करा. आता वाटेतला कुठलाही प्रोग्राम तिला मजकूर समजून ओळी, ओळींचे शेवट किंवा अक्षरसंच बदलणार नाही. झिप केली तरी तेच साधतं, फक्त समोरच्याला फोनवर ती उघडता आली पाहिजे.

आणि पोचलेली फाईल तीच आहे का हे बघायचं असेल तर: आलेल्या मेलच्या यादीत फाईलीवर उभं राहून ‘|’ दाबा आणि ‘शा२५६सम’ लिहा. मट फाईल उलगडून त्या आज्ञेला देतो, आणि ती फाईलच्या ठशासारखा एक आकडा काढून देते. कंपोझमध्येही ‘|’ चालतो. दोन्ही आकडे जुळले की पाठवा, आणि त्या आकड्यातली शेवटची सहा-आठ अक्षरं मजकुरात लिहा म्हणजे मशीन शॉपमध्येही पडताळता येईल.

---

उद्यमनगर_टर्मिनल

‘आस्क-नो’ करून बघितलं. यादीतून ‘वाय’ म्हटल्यावर प्रोग्राम फाईल म्हणूनच गेला, शा२५६सम दोन्हीकडं एकच. पहिली तीन सुटली असं धरतो.

आता नवीन निघालं: एका गिऱ्हाइकाचा स्कॅनर पीडीएफ पाठवतो त्याच्या ओळीत ‘ॲप्लिका/ऑक्टेट-स्ट्री’ दिसतं. ती फॉरवर्ड केली तर शिरोलीच्या फोनवर कशानं उघडायची ते विचारतो. आणि दुसऱ्या एकाच्या मेलमध्ये ड्रॉइंगऐवजी ‘विनमेल.डॅट’ नावाची एकच फाईल असते.

---

पंचगंगा_पाईप

फाईल फॉरवर्ड करताना मट तिचा प्रकार आणि नाव मूळ मेलमधून जसंच्या तसं उचलतो. आत खरंच पीडीएफ आहे का हे तपासत नाही. म्हणून स्कॅनरनं चुकीचा शिक्का मारला असेल तर तोच पुढं जातो. कंपोझमध्ये कंट्रोल-टी, ‘ॲप्लिकेशन/पीडीएफ’, एंटर. नावाला ‘.पीडीएफ’ शेपटी नसेल तर कंट्रोल-ओ दाबून तीही लावा. कंट्रोल-ओ फक्त समोरच्याला दिसणारं नाव बदलतं. मोठा ‘आर’ डिस्कवरच्या फाईलचं नाव बदलतो, त्याच्या वाटेला जाऊ नका.

नावांचा चौथा मुद्दा. मेलच्या विषयात मराठी लिहिताना जी ‘=?यूटीएफ-८?बी?…?=’ पद्धत वापरतात ती आरएफसी २०४७ ची (आरएफसी म्हणजे इंटरनेटची नियमपत्रकं). फाईलींच्या नावांसाठी ती नियमात बसत नाही, तिथं आरएफसी २२३१ ची पद्धत आहे. तरी अनेक मेल प्रोग्राम फाईलनावालाही पहिलीच पद्धत लावतात. मटला ती समजून घ्यायला सांगावं लागतं:

सेट आरएफसी२०४७_पॅरामीटर्स=येस

नव्या आवृत्तीत हे मुळातच चालू आहे. तुमच्याकडं बंद असणार, म्हणून मट त्या अक्षरांनाच फाईलचं नाव समजतो आणि तेच पुढं पाठवतो. सेटिंग बदलल्यावर मेलबॉक्स बंद करून परत उघडा, नाहीतर आधी वाचून ठेवलेलं नावच दिसत राहील. नाव उलगडलं पण पडद्यावर प्रश्नचिन्हं आली, तर टर्मिनलचं लोकेल (भाषा आणि अक्षरसंचाचं सेटिंग) बघा. ‘लोकेल’ आज्ञेच्या उत्तरात यूटीएफ-८ दिसायला हवं. ‘सी’ किंवा ‘पॉसिक्स’ असेल तर मराठी दिसणार नाही.

मट स्वतः पाठवताना मराठी नाव २२३१ च्या पद्धतीनं लिहितो. त्यात देवनागरीच्या प्रत्येक खुणेचे तीन बाइट, आणि प्रत्येक बाइटला % धरून तीन अक्षरं. म्हणजे काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजून एका खुणेला नऊ अक्षरं. ‘कास्टिंग’ हा एवढासा शब्द घ्या: क, ा, स, ्, ट, ि, ं, ग अशा आठ खुणा, झाली ७२ अक्षरं. ‘कास्टिंग ड्रॉइंग सुधारित’सारखं नाव दोनशेच्या वर जातं, आणि काही प्रोग्राम एवढं लांब नाव अर्ध्यात तोडतात. तोडलं की शेपटी जाते, शेपटी गेली की फोनला फाईल ओळखता येत नाही. बाहेर जाणाऱ्या ड्रॉइंगला पार्ट नंबर आणि रिव्हिजन एवढंच रोमन अक्षरांत नाव द्या, मराठीत काय सांगायचं ते मजकुरात. मराठीचं वावडं म्हणून नाही सांगत. ड्रॉइंग वेळेवर उघडलं पाहिजे म्हणून सांगतोय.

‘विनमेल.डॅट’ म्हणजे आउटलुकचं स्वतःचं गाठोडं, प्रकार ‘एमएस-टीनेफ’. ते तसंच पुढं पाठवलं तर फोनवर काहीच उघडणार नाही. डेबियनमध्ये ‘टीनेफ’ नावाचं पॅकेज आहे. यादीत त्या ओळीवर ‘एस’ दाबून फाईल उतरवा, ‘टीनेफ’नं सोडा, आतलं ड्रॉइंग नव्या मेलला ‘ए’ दाबून जोडा. आणि गिऱ्हाइकाला कळवा की त्यांच्याकडं मेल रिच टेक्स्टमध्ये जातोय, एचटीएमएल किंवा साधा मजकूर निवडला की हे गाठोडं तयार होत नाही. दर वेळी आपण सोडत बसण्यापेक्षा ते बरं.

---

कागल_कर्नल

पाचव्या मुद्द्यावर. चूक कुठं दिसली त्यावरून कोण अडवतंय ते कळतं. ‘वाय’ दाबल्या दाबल्या पडद्यावर ‘मेसेज फाईल टू बिग’ आलं म्हणजे तुमच्याच मशीनवरच्या पोस्टफिक्सनं नाकारलं, मेल बाहेर पडलाच नाही. मेल गेला आणि नंतर मेलर-डीमनकडून परत आला तर पुढच्या सर्व्हरनं नाकारलंय. तेव्हा त्या पत्रातला आकडा वाचायचा. ‘५५२ ५.३.४’ म्हणजे आकार. जीमेलकडून ‘५५२-५.७.०’ आलं तर आकाराशी संबंध नाही, फाईलचा प्रकारच त्यांना धोक्याचा वाटलाय. .ईएक्सई, .बॅट वगैरे ते झिपमध्ये घातलेलीही अडवतात.

पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट. फाईल ९ एमबीची, मग अडली का? कारण मेलमध्ये ती बेस६४ होऊन जाते. दर ३ बाइटची ४ अक्षरं, वर प्रत्येक ओळीचा शेवट, मिळून साधारण ३७ टक्के वाढ. ९ एमबीचे सव्वाबारा होतात. त्या मर्यादेत डिस्कवरची फाईल जेमतेम ७४ लाख बाइटांपर्यंतच बसते. कंपोझच्या यादीतला आकार डिस्कवरचा असतो हे लक्षात ठेवा, वाटेवरचा नाही.

वाढवायची असेल तर:

पोस्टकॉन्फ -ई मेसेज_साइज_लिमिट=२६२१४४००
पोस्टफिक्स रीलोड

आकडा अर्थात रोमनमध्ये टाका. ‘मेलबॉक्स_साइज_लिमिट’ यापेक्षा कमी असता कामा नये. ते मुळात ५,१२,००,००० असतं, तेव्हा २५ एमबीपर्यंत काळजी नाही. मात्र तुमचं मशीन दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरमार्फत मेल पाठवत असेल तर त्यांची मर्यादा वेगळी. त्यांच्या सर्व्हरला जोडून ‘ईएचएलओ’ म्हटलं की उत्तरात ‘साइज’च्या ओळीत त्यांचा आकडा मिळतो.

पण स्टेप फाईलला हे सगळं करायच्या आधी एकदा झिप करून बघा. स्टेप म्हणजे आयएसओ १०३०३-२१, आतून निव्वळ टेक्स्ट. ‘लेस’नं उघडली तर पहिल्या ओळीत हाच आकडा दिसेल. टेक्स्ट असल्यामुळं ती दाबली की चांगलीच लहान होते, बहुधा मर्यादेला हात न लावताच बसेल. आणि टेक्स्ट असल्यामुळंच शिरोली भाऊंनी सांगितलेला धोका इथंही आहे: पाठवणाऱ्यानं ‘टेक्स्ट/प्लेन’ शिक्का मारला असेल तर ‘एफ’नं अख्खं मॉडेल मजकुरात उतरेल. डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची ड्रॉइंग फाईल) बायनरी आहे, तिचा हा प्रश्न नाही.

---

बिंदू_चौक_बॅश

एवढी खटपट कशाला? इंडेक्समध्ये ‘बी’ दाबा, पत्ता टाका, मेल फाईलींसकट जसाच्या तसा जातो. नाहीतर एस्केप-ई, म्हणजे रिसेंड: सगळ्या फाईलींसह मेल कंपोझमध्ये उघडतो, हवं ते बदला आणि पाठवा.

---

रंकाळा_रूट

दोन्ही चालतात, पण या कामाला मी ते सुचवणार नाही, आणि कारणं गंभीर आहेत.

‘बी’ म्हणजे बाउन्स. मट मूळ मेलला हात लावत नाही, वर फक्त ‘रीसेंट-’नं सुरू होणारी हेडर जोडतो. त्यामुळं पॅटर्नवाल्याला मेल थेट गिऱ्हाइकाकडनं आल्यासारखा दिसतो. त्यानं रिप्लाय दाबला की तो गिऱ्हाइकाला जातो, पॅटर्नचा दर लिहिलेला असेल तर तोही. तुम्हाला स्वतःची एक ओळही लिहिता येत नाही. शिवाय पोचेल याची खात्री नाही. ‘फ्रॉम’मध्ये गिऱ्हाइकाचं डोमेन, पाठवणारं मशीन तुमचं, म्हणजे एसपीएफचा (डोमेनच्या नावानं कुठली मशीन मेल पाठवू शकतात त्या यादीचा) मेळ बसत नाही. गिऱ्हाइकाची डीकेआयएम सही (त्यांच्या सर्व्हरनं मेलवर केलेली डिजिटल सही) असेल तर मेल न बदलल्यामुळं ती टिकते आणि मेल जातो. सही नसेल आणि त्यांच्या डोमेनचं डीमार्क (या तपासण्या फसल्या तर मेलचं काय करायचं तो नियम) ‘रिजेक्ट’वर असेल तर समोरचा सर्व्हर तो दारातनंच परत पाठवेल. ऑफिसातल्या ऑफिसात, चुकून आपल्याकडं आलेला मेल योग्य माणसाकडं वळवायला ‘बी’ उत्तम आहे. तिथं हवा तेवढा वापरा.

एस्केप-ई जुन्या मेलला साचा म्हणून वापरतो. फाईली येतात हे खरं, पण ‘सीसी’तले पत्तेही तसेच राहतात. तुम्ही ‘टू’ बदलला आणि ‘सीसी’ बघायला विसरला तर गिऱ्हाइकाच्या चार माणसांना तुमचा पॅटर्नवाल्याला लिहिलेला मेल जाईल. ‘फ्रॉम’ही तपासावा लागतो, कंपोझमध्ये एस्केप-एफनं तो बदलतो. आपलाच गेल्या महिन्यातला मेल फाईलींसह परत पाठवायचा असेल तर हे सोयीचं. दुसऱ्याच्या मेलवर नको.

---

शाहूपुरी_पाइन

मटच पाहिजे असं नसेल तर एक सांगतो. अल्पाइन या दुसऱ्या टर्मिनल मेल प्रोग्राममध्ये ‘एफ’ दाबलं की जोडलेल्या फाईली आपोआप नव्या मेलच्या ‘अटॅचमेंट’ ओळीत येतात आणि डोळ्यांपुढंच असतात. नको ती त्याच ओळीतून काढता येते. ‘एच’नं पूर्ण हेडर चालू केलेले असतील तर अख्खा मेल पाकीट म्हणून पाठवायचा का ते तिथंही विचारतो, फक्त त्यासाठी सेटिंगमध्ये ‘एनेबल-फुल-हेडर-सीएमडी’ला खूण असावी लागते. कंपोझमध्ये नवीन फाईल जोडायला कंट्रोल-जे. ज्याला टर्मिनलची फारशी सवय नाही अशा माणसाला ऑफिसात बसवायचं असेल तर मी अल्पाइनच देईन. मटमध्ये हुकूमत जास्त, पण ती सेटिंग वाचून मिळवावी लागते.

---

उद्यमनगर_टर्मिनल

सगळ्यांचे मनापासून आभार. स्टेप फाईल झिप केल्यावर मर्यादा न वाढवताच गेली. स्कॅनरच्या पीडीएफचा प्रकार बदलल्यावर शिरोलीच्या फोनवर एका टिचकीत उघडली. नावंही उलगडली. मशीन डेबियन १२ वर नेतोय.

एकच राहिलं. ऑफिसात दुसरं कुणी बसलं आणि घाईत नुसतं ‘एफ’ दाबून, प्रश्नाला नाही म्हणून पाठवलं, तर फाईल गळल्याचं मट काही केल्या सांगेल का?

---

पंचगंगा_पाईप

सांगेल. हे दोन लावा:

सेट अबॉर्ट_नोअटॅच=आस्क-येस
सेट अबॉर्ट_नोअटॅच_रेगएक्स्प="अटॅच|सोबत|जोडल|जोडत"

यातला पहिला शब्द रोमनमध्ये लिहायचा, बाकीचे तिन्ही देवनागरीतच. मजकुरात यातला एखादा शब्द सापडला आणि मेलला एकही फाईल नसेल तर मट ‘वाय’नंतर थांबतो आणि पाठवणं रद्द करायचं का ते विचारतो. नुसतं एंटर म्हणजे रद्द. ‘जोडल’ अर्धवट ठेवलाय तो मुद्दाम, त्यात जोडलं, जोडली, जोडलेलं सगळं येतं. शब्दाच्या कडा दाखवणाऱ्या खुणा देवनागरीला लावू नका, मात्रांपाशी त्या दगा देतात.

फॉरवर्डच्या बाबतीत हे जास्तच कामाचं आहे. मट हे शब्द ‘>’ लागलेल्या ओळींत शोधत नाही, पण फॉरवर्ड केलेल्या मजकुराला मुळात ‘>’ लागतच नाही. म्हणजे गिऱ्हाइकानं लिहिलेलं ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’ हेच वाक्य पकडलं जातं आणि फाईल गळली असेल तेव्हाच मट अडवतो. त्यासाठी ‘फॉरवर्ड_कोट’ नो ठेवा. एक मर्यादा आहे: चारपैकी एक फाईल जरी जोडलेली असली तरी तो काही बोलणार नाही. तेवढं रूट दादांनी सांगितल्याप्रमाणं यादी वाचूनच बघावं लागेल.